प्रत माहितीसाठी

एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, रजिस्टरला चढवायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचा. लोकांना वाटतं, हे काय काम झालं? वाटू दे. साहेब येतात नि बदलून जातात, पण एकदा नंबर पडलेला कागद कुणाच्या बापाला नाकारता येत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. निवृत्त झाले तरी गल्लीतले लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडेच येतात. नळाचा अर्ज, शाळेचा दाखला, नावातली दुरुस्ती, काय वाट्टेल ते. मी लिहून देते, पण आधी चार शब्द सुनावते. तेवढा माझा हक्क आहे.

माझ्या मागच्या खोलीत एक कुटुंब भाड्यानं राहतं. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, दोन लहान पोरी, आणि ती स्वतः चिंचोळी एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटात मशीनवर. कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं त्या लाइनीत कुणी नाही. सासर दुधनीचं. खरं सांगायचं तर दुधनीचंही नाही. तिकडचंच, सीमेवरचं दुसरं एक गाव आहे. तिला विचारूनच मी ते बदललंय. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हीत ती मोजकंच बोलणारी.

एका सुट्टीच्या सकाळी ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. मी शेंगा निवडत होते. चार शेंगा तिनंही फोडल्या, मग म्हणाली, "बाई, मला मशीनवरनं उठवलं. दोरे कापायला बसवलंय."

"का गं? काय केलंस?"

"म्या काय न्हाई केलं. सुपरवायझर म्हनला, तुला डोक्याच्या गोळ्या चालू होत्या न्हवं? मशीनवर काय झालं म्हंजे कोन बघनार?"

धाकटी पोरगी झाली तेव्हा हिची झोप उडाली होती. दिवस दिवस रडायची, पोरीकडे बघायचीसुद्धा नाही. नवरा शहाणा, त्यानं सरकारी दवाखान्यात नेलं. आठ महिने गोळ्या घेतल्या नि ती बरी झाली, चांगली खडखडीत झाली. त्याला चार वर्षं होऊन गेली. नवरा सोडला तर हे कुणालाच माहीत नव्हतं, भिंतीपलीकडे राहणाऱ्या मला देखील नाही. मग सुपरवायझरला कुठून कळलं?

तिनं सांगितलं ते ऐकून मी हातातलं सूप खाली ठेवलं. कारखान्यात आरोग्य कार्डाचं शिबिर झालं होतं. दोन जण टॅब घेऊन आले होते. आता त्या युनिटात कामावर जाताना बायकांचे फोन दारातच एका प्लॅस्टिकच्या कॅरेटात काढून ठेवावे लागतात, सुटताना परत मिळतात. शिबिर झालं ते कामाच्या वेळेत. लाइन बंद पडायला नको, म्हणून सुपरवायझरच कॅरेट घेऊन टॅबवाल्यांजवळ बसला. फोन वाजला की उचलायचा, ओटीपी वाचायचा, आणि 'मला मान्य आहे'वर बोटही त्यानंच टेकवायचं. बायका तिकडे शिवत बसल्या नि इकडे एकोणीस जणींची संमती होऊन गेली! वर त्यानं सोय म्हणून सगळ्यांची कार्डं आपल्या स्वतःच्या मोबाइलमध्ये उघडून ठेवली, यातलं काही बाहेर जाणार नाही असा शब्द देऊन. हिच्या कार्डाला सरकारी दवाखान्यातले जुने कागद जोडले गेले, आणि यानं ते निवांत वाचले.

"सासूला कळलं तर पोरी न्हेत्यात बाई," ती म्हणाली. "येडीजवळ ठिवायच्या न्हाईत म्हनतील. नणंद त्याच एमआयडीसीत हाय, दुसऱ्या युनिटात. कवा तिच्या कानावर जाईल सांगता येत न्हाई. एकदा पोरी तिकडं गेल्या की मला परत मिळत्यात व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याला तिथंच जाऊन दोन लगावाव्यात असं वाटलं. पण मी आवक-जावकची बाई. मला राग आला की मी कागद काढते.

पेपर मी निविदांसकट वाचते, ही माझी जुनी खोड. त्याच आठवड्यात एक जाहिरात कापून ठेवली होती. संसदेची एक समिती हे डिजिटल आरोग्य कार्ड, मोबाइलवरची ॲपं आणि पेशंटच्या माहितीचा खाजगीपणा याची तपासणी करत होती, आणि नागरिकांकडून लेखी म्हणणं मागवत होती. मी ते कात्रण तिच्यापुढे धरलं.

"दिल्लीला?" ती म्हणाली. "तितं आमचं कोन ऐकतंय?"

"ऐकायचं का नाही ते त्यांचं ते बघतील. नंबर तर पडू दे."

आणि मी अर्ज लिहिला. काय अर्ज होता तो! विषय, संदर्भ, मुद्दे, सगळं जिथल्या तिथं. तिचं पूर्ण नाव, पत्ता, आजाराचं नाव, गोळ्या किती महिने, कुठल्या दवाखान्यात, काही म्हणून सोडलं नाही. मोघम अर्जाला कुत्रं विचारत नाही, हे मीच लोकांना सांगत आलेले. तिनं विश्वासानं सही केली. पुढे माझा हात आपोआप खाली सरकला आणि एकतीस वर्षं प्रत्येक पत्राखाली जे लिहीत आला तेच त्यानं लिहिलं. 'प्रत माहितीसाठी.' त्याखाली एक, कारखान्याचे व्यवस्थापक. दोन, आरोग्य अधिकारी. तीन, आपल्या वॉर्डाचे नगरसेवक.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर मी स्वतः चिंचोळीला गेले, कारखान्याच्या कचेरीत पाकीट दिलं आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली. फार खूश होते. सातच्या सुमाराला ती कामावरून आल्यावर मी मोठ्या दिमाखात तिला तो शिक्का दाखवला.

ती मराठी अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचते. तिचं बोट शिक्क्यावर थांबलं. "ह्यो तर आमच्या कारखान्याचा हाय."

"मग? प्रत नको द्यायला?"

"बाई," ती म्हणाली, "ह्येच्यात माझं समदं लिवलंय न्हवं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या सुपरवायझरनं जे एकट्यानं वाचलं होतं, ते मी शुद्ध मराठीत, मुद्देसूद, वळणदार अक्षरात लिहून त्याच्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. उद्या साहेब वाचणार, परवा सगळं युनिट वाचणार, आणि तेरवा नणंद. ती कागद खाली ठेवून उठली आणि खोलीत जाऊन दोन्ही पोरींना जवळ घेऊन बसली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

सकाळी साडेआठला मी कारखान्याच्या फाटकावर हजर. नऊला कारकून आले. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असतील, चष्मा दोरीला अडकवलेला.

"भाऊ, काल संध्याकाळी मी एक पाकीट दिलं होतं. ते चुकून आलंय. परत द्या."

"चुकून कसं? पोच दिलीय की मी."

"ही घ्या ती पोच. फाडून टाका."

"असं कसं मॅडम? वर विचारावं लागेल."

"थांबा," मी म्हटलं. "आवकला चढवलंय?"

ते जरा चपापले. "काल उशीर झाला होता. आज चहा झाल्यावर चढवणार होतो."

"नंबर पडला नाही ना? मग तुमच्याकडे पत्र आलेलंच नाही. न आलेल्या पत्राबद्दल वर काय विचारणार तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग खण उघडला. पाकीट मी चिकटवलं होतं तसंच होतं. ते माझ्या हातात देत म्हणाले, "कुठल्या ऑफिसला होता?" मी सांगितलं. "वाटलंच," ते म्हणाले. 'उद्या चढवू' म्हणणाऱ्या कारकुनांना मी नोकरीभर फाडून खाल्लंय, पण त्या दिवशी त्या माणसाच्या चहाला मी मनातल्या मनात हात जोडले.

घरी येऊन ते पाकीट, अजून टपालात न टाकलेला मूळ अर्ज आणि बाकीच्या प्रती, सगळं बंबात घातलं. त्या पाण्यानं तिच्या पोरींनी आंघोळ केली.

मग मी तिची माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती जरा भांडल्यासारखीच झाली, पण तिला कळली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, अर्जच नगं." मलाही पुढचं सुचेना. समितीला नाव-पत्त्यानिशी म्हणणं हवं होतं. निनावी अर्जाचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको, असे कितीतरी मीच फाईलबंद केलेले. नाव द्यावं तर पोरी जातात, न द्यावं तर अर्ज जातो. दोन दिवस मी त्यातच अडकून पडले होते.

तोड तिनंच काढली. तिसऱ्या दिवशी पाणी भरता भरता सहज बोलून गेली, "बाई, कॅरेटात फोन तर समद्यांचेच होते की."

मी कळशी खाली ठेवली. अगं बाई! खरंच की! लुबाडलेल्या एकोणीस होत्या. एकोणीस जणींची संमती दुसऱ्याच्या बोटानं झाली होती. मी इतकी हुशार, इतकी मुरलेली, आणि मला सगळा वेळ एकच अर्जदार दिसत होती.

रविवारी माझ्या पुढच्या खोलीत लाइनीतल्या बाकीच्या अठराही जणी आल्या. तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी, नुसता कालवा. मी कडक भाकरी नि शेंगाची चटणी ठेवली होती, ती बघता बघता संपली. मग मी अर्ज वाचून दाखवला. कॅरेट कसं, ओटीपी कुणी वाचला, बोट कुणी टेकवलं. आणि शेवटी, 'आमच्यापैकी एकीच्या जुन्या उपचाराची माहिती अशा रीतीने वाचली गेली व तिला त्रास झाला. ती कोण, व आजार कोणता, हे आम्ही लिहिणार नाही.'

हिला मशीनवरून उठवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. कोण ते ओळखणं अवघड नव्हतं. पण एकीनं देखील हिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. लाइनीतली सगळ्यात मोठी, जिला सगळ्या अक्का म्हणतात, ती एवढंच म्हणाली, "वाचलं ते पुरे झालं. सही कुटं करायची, ते दाखव." दोघींनी अंगठे दिले, बाकीच्यांनी सह्या. एकीनं तर आधी पेपरच्या कडेला चार वेळा गिरवून बघितली. संसदेत जाणार म्हटल्यावर वाकडी नको म्हणाली. मागेपुढे बघणारी एक नाही. मला त्या बायकांचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच एकीला पेन नीट धरत नाही म्हणून ओरडले.

पाकीट बंद करायच्या आधी मागच्या खोलीतली कागद उलटा करून म्हणाली, "बाई, खाली 'प्रत' म्हनून कुनाचं नाव न्हाई न्हवं?"

"नाही गं बाई. बघ, कोरं आहे."

इकडे लाइनीत आणखी एक गोष्ट झाली, ती मला कुणी शिकवून झाली नाही. हिच्या मशीनवर बसायला सुपरवायझर ज्या ज्या बाईला सांगे, तिचा पाय दुखायला लागे. एकीचा पाय, दुसरीची कंबर, तिसरीला ते मशीनच जमेना. कॉलरी तुंबल्या. आठव्या दिवशी त्यानं हिला गुपचूप परत मशीनवर बसवलं. मोबाइलमधली कार्डंही काढून टाकली म्हणे. पण वाचलेलं डोक्यातून कसं काढणार?

काही आठवड्यांनी दिल्लीहून फोन आला. समितीच्या कचेरीतले अधिकारी, बोलायला फार अदबीचे. मी आधी त्यांच्याकडून डायरी नंबर घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. माझ्या हातच्या अर्जाला संसदेचा नंबर! ते कॅलेंडर मी अजून काढलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, त्रास झालेल्या त्या महिलेचं नाव काय?

माझ्या कचेरीतल्या हिंदीत मी म्हटलं, "साहब, नाम नहीं मिलेगा. उन्नीस नाम दिए हैं. चाहिए तो उन्नीसों को बुलाइए."

ते हसले. पंधरा दिवसांत पत्र आलं. समितीचं कामकाज पुण्यात होणार होतं, तिथं आमच्यातल्या तिघींनी यावं. अक्काचं ठरलेलंच होतं. लिहिणारी म्हणून मी. तिसरी कोण यावर चर्चा चालू असताना मागच्या खोलीतली म्हणाली, "मी जाते."

मोठं दालन, गोल टेबल, प्रत्येकापुढे माइक. समोर बसलेल्या खासदारांच्या हातात आमचा अर्ज होता, आणि त्याच्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणजे वाचला होता. कागद वाचलाय का नुसता चाळलाय, हे मला लांबून कळतं. आम्हाला मराठीत बोलायला सांगितलं, भाषांतर करणारे होते. कॅरेट म्हणजे नक्की कसं, केवढं, फोन वाजला की कोण उचलायचं, बारीकसारीक विचारलं. एक अधिकारी म्हणाले, प्रत्येकीची संमती संगणकात नोंदलेली आहे. अक्कानं माइक पुढे ओढला.

"नोंद हाय साहेब. बोट आमचं न्हवतं."

लिहून घेणाऱ्यांनी ते तसंच्या तसं उतरवलं.

मग एक खासदार अगदी जिव्हाळ्यानं म्हणाले, "ती भगिनी कोण हे समितीला कळलं, तर आम्हाला तिच्यासाठी काही करता येईल. इथलं बाहेर जाणार नाही, शब्द देतो."

माणूस चांगला होता, विचारणंही चांगल्या मनाचं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. मोजकं बोलणारी ती.

"सांगणार न्हाई."

भाषांतर झालं. ती थांबली नव्हती. "साहेब, सुपरवायझरनं पन असाच शब्द दिला हुता. बाहेर जाणार न्हाई म्हनला हुता. तुमी चांगले हाव, दिसतंय की. पन कुनाला सांगायचं ते तिनं ठरवायचं."

उंबऱ्यावर बसून शेंगा फोडताना जी 'तितं आमचं कोन ऐकतंय?' म्हणाली होती, ती ही बाई! अध्यक्षांनी चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि लिहून घेणाऱ्यांना म्हणाले, "प्रश्न मागे घेतला, असं लिहा." विचारणाऱ्या खासदारांनीही मान हलवली. एकतीस वर्षांत मी कितीएक शेरे वाचले. त्याच्या तोडीचा एक नाही. समितीचा अहवाल अजून यायचाय. त्यात आमचं काय येईल ते येवो.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडी गेल्यावर अक्का खिडकीला डोकं टेकून झोपली. ती माझ्याशेजारी पोरींसाठी घेतलेली बाकरवडी मांडीवर सांभाळत बसली होती. मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "ऐक. तसल्या गोळ्या मीही घेतल्यात. दोन वर्षं."

माझा नवरा गेला तेव्हाची गोष्ट. कचेरीत वेळेवर जायचे, पण शिक्का हातात घेऊन मी नुसती बसून राहायचे, आज तारीख कोणती ते आठवायचं नाही. सोलापुरात डॉक्टरच्या जिन्यात कुणी बघितलं तर, म्हणून दर महिन्याला पुण्याला जायचे. रजेच्या अर्जात गुडघेदुखी लिहायचे. माझे गुडघे तेव्हाही ठणठणीत होते, आजही आहेत. मुलाला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच खोटा कागद, आणि तो मी चोवीस वेळा लिहिला.

तिनं इकडेतिकडे पाहून माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "बाई, कुनाला सांगू नका हं. लोक लई वाईट असत्यात."

मला हसूही आलं नि रडूही. "सांगेन," मी म्हटलं, "पण माझ्या तोंडानं सांगेन."

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला पुढ्यात बसवून वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी बोट ठेवलं, ती वाक्यं मी तिच्यासमोर खोडली. माझ्या गोळ्यांच्या मजकुरापाशी तिचं बोट पुन्हा थांबलं, आणि तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," मी म्हटलं. "ते माझं आहे."